इळ्याची धार : दगडापासून पट्ट्याच्या यंत्रापर्यंत



आज बोलायचं आहे धारेबद्दल. विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड आणि स्वयंपाकघरातली विळी, या सगळ्यांच्या धारेबद्दल. आपल्या वाशिम जिल्ह्यात कुणी विळा म्हणतं, कुणी इळा, तर कुणी इया. नाव कोणतंही घ्या, सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत बाईच्या हातात सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तोच असतो. खंडेनवमीला आपण त्याला हळदकुंकू वाहतो आणि त्याच सुमारास सोंगणीला लागतो.

बचत गटांच्या बैठकांमध्ये सध्या एक प्रश्न वरचेवर निघतो. धार लावायचं विजेचं यंत्र बाजारात मिळतं. छोटी मोटर, दोन-तीन चाकं आणि त्यांच्यावरून गरगर फिरणारा पॉलिश पेपरसारखा खरखरीत पट्टा. पातं पट्ट्याला टेकवलं की मिनिटा-दोन मिनिटांत धार तयार. गटानं कर्ज काढून हे यंत्र घ्यावं का? काही जणी म्हणतात, घ्या, बोथट इळ्यानं मनगटं गेली आमची. काही जणी म्हणतात, दगड फुकट आहे, यंत्र इळा खाऊन टाकतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण उत्तर देण्याआधी थोडं मागं जाऊन पाहू. धार लावायचं साधन आपल्याकडे काही पहिल्यांदाच बदलत नाही. आधी अनेकदा बदललं, आणि दर वेळी त्यानं बाईला काही दिलं, तसं तिच्या हातून काही नेलंही.

जुनं लोखंड

विदर्भ आणि लोखंड यांचं नातं फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात माहुरझरी, टाकळघाट, खापा, नैकुंड अशा ठिकाणी शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं. पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं उत्खनन केलं. पुरलेल्या माणसांजवळ लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर सापडले. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. म्हणजे अडीच हजार वर्षांहून अधिक काळ या मुलखात माणूस लोखंडाचं पातं वापरतो आहे. जिथं पातं आलं तिथं ते बोथट होणंही आलं.

आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं, तसा शिलालेख तिथं आहे. अजिंठ्याचा दगड म्हणजे आपल्याच शेताच्या बांधावर असतो तो काळा कठीण दगड. अर्धवट राहिलेल्या लेण्यांच्या भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. असल्या दगडावर छिन्नी किती वेळ टिकणार? एक माणूस कोरत असेल, तर मागं कुणीतरी भट्टीशी बसून छिन्न्यांना टोक काढत असणार. लेणं कोरवणाऱ्याचं नाव शिलालेखात आलं. धार लावणाऱ्याचं कुठंच आलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती परत परत येणार आहे.

लोहाराचा भाता आणि घिसाडणीचा घण

गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. नांगराचा फाळ, वखराची पास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवायच्या आणि वर्षभर पाजवून द्यायच्या. त्याबदल्यात खळ्यावर धान्य. धार लावण्याला आपल्या भाषेत पाजवणं म्हणतात. शब्द फार नेमका आहे, कारण लोहार पात्याला खरोखरच पाणी पाजतो. पातं तापवून लाल करायचं, ठोकून धारेची बाजू पातळ करायची, आणि मग ती बाजू पाण्यात बुडवायची. तापलेलं पोलाद एकदम थंड झालं की कडक होतं. याला पाणी देणं म्हणतात. चांगला लोहार पुऱ्या विळ्याला पाणी देत नाही, फक्त धारेच्या पट्टीला देतो. धार कडक हवी म्हणजे टिकते, आणि पाठ थोडी मऊ हवी म्हणजे दगडावर आपटली तरी विळा तुटत नाही. हे नीट ध्यानात असू द्या, यंत्राबद्दल बोलताना याचाच उपयोग होणार आहे.

लोहाराच्या भट्टीवर भाता कोण ओढायचं? पुष्कळ घरांत त्याची बायको. आणि भटक्या घिसाडी समाजात तर याच्याही पुढची गोष्ट. घिसणं, घासणं याच मुळाशी या नावाचा संबंध जोडतात. ही कुटुंबं गाढवावर, पुढं गाडीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरायची. उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर गावाच्या कडेला पाल पडायचं. पुरुष सांडशीत तापलं लोखंड धरून बसायचा आणि समोर उभी राहून घण घालायची त्याची बायको. पाच-सहा किलोचा घण डोक्यावरून आणून नेमका ठिकाणावर. आजही बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला हे दृश्य दिसतं. ताकदीचं काम तिचं, पण विळा कुणी केला असं विचारलं तर लोक घिसाड्यानं केला असंच म्हणतात. पोटाला पोर बांधून घण घालणाऱ्या बाईचं नाव कुठल्या हिशेबात नसतं.

रोजची धार मात्र कधीच लोहाराकडे नव्हती. ती घरातल्या आणि शेतातल्या बाईकडे होती. नदीतला बारीक कणांचा दगड, पाट्याची कड, उंबऱ्याचा चिरा. पुढं चहाचे कप आले तेव्हा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर चाकू घासायची युक्ती बायकांनीच काढली. निंदायला जाताना ओटीत दगडाचा तुकडा असायचा. दोन तासांनी सावलीत टेकलं की चार हात दगडावर, पुन्हा कामाला. मोठी दुरुस्ती लोहाराची आणि रोजची धार बाईची, अशी ही वाटणी होती.

कुरुंद, लाख आणि ओढायचा पट्टा

धारेचा दुसरा मोठा कारागीर म्हणजे शिकलगार. तलवारी, कट्यारी घासून लखलखीत करणं हे त्यांचं मूळ काम. राजेरजवाड्यांच्या आणि फौजांच्या आश्रयानं हा धंदा चालायचा. शेजारच्या नांदेडला शीख शिकलगारांची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्रात मुसलमान शिकलगारही आहेत. १८७८ साली इंग्रज सरकारनं शस्त्रांचा कायदा केला, परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी आली आणि तलवारींचं काम आटलं. मग शिकलगार आले चाकू, कात्र्या, अडकित्ते आणि वस्तऱ्यांकडे. म्हणजे आपल्या गल्लीत धार लावायला येणाऱ्या माणसाचा धंदा एके काळी रणांगणासाठी होता.

त्यांचं साधन म्हणजे शान. कुरुंद नावाचा अत्यंत कठीण दगड कुटून भुकटी करायची. ती लाखेत मिसळून तिची चकती घडवायची आणि चकती आसावर बसवायची. आसाला चामड्याचा पट्टा गुंडाळायचा. दुसऱ्या माणसानं पट्ट्याची दोन टोकं दोन हातांत धरून आळीपाळीनं ओढायची, की चकती एकदा पुढं आणि एकदा मागं फिरते. धार लावणारा पातं धरतो. म्हणजे मैत्रिणींनो, धारेच्या कामात पट्टा काही विजेबरोबर आलेला नाही. पूर्वी चाक घासायचं आणि पट्टा ते फिरवायचा. आजच्या यंत्रात चाकं फिरवतात आणि पट्टाच घासतो. आणि तो जुना पट्टा ओढायला सहसा घरचंच माणूस असायचं, पोरगं नाहीतर बायको.

कुरुंद आपल्या विदर्भातही सापडतो, भंडारा जिल्ह्यात. त्याच्या नावाची गोष्ट गमतीची आहे. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. इंग्रजांनी ते नाव उचललं आणि कोरंडम केलं. पुढं १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा माणूस विजेच्या भट्टीत प्रयोग करत असताना त्याला चमकदार, फार कठीण असे खडे मिळाले. कार्बन आणि कोरंडम यांचं ते मिश्रण असावं असं वाटून त्यानं नाव ठेवलं कार्बोरंडम. त्यात कोरंडम नव्हतंच, पण नाव चिकटलं. आज हार्डवेअरच्या दुकानात आपण करड्या-काळ्या रंगाचा, एक बाजू जाड आणि एक बारीक असा दगड मागतो तो बहुतेक वेळा हाच. आपल्याकडचा शब्द साता समुद्रापलीकडे जाऊन, वेश पालटून, दुकानाच्या फळीवर परत आला.

कारखाना आला

मध्ये दुसराही बदल झाला होता. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेली. जाताना कापूस आणि येताना विलायती लोखंड. इथल्या भट्ट्या विझत गेल्या आणि लोहार बाहेरच्या पोलादावर आला. आज गावचा लोहार विळा करतो तो बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा. वाईट नाही, उलट ते पोलाद चांगलं असतं. पण कच्चा माल आता भंगारच्या दुकानातून येतो.

मग महाराष्ट्रातच कारखाने उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला सुरुवात केली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी सुरुवातीला तो घ्यायला तयार नव्हते. पुढं घेतला, आणि घेतला तेव्हा लोहाराचं एक काम कमी झालं. फाळ झिजला की नवा आणून बोल्ट आवळायचा. १९४१ साली उरणजवळ मोरा इथं ग्राइंडवेल कंपनी सुरू झाली, घासायची चाकं करणारा हा देशातला पहिला कारखाना. १९५४ साली मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल निघाली. कुरुंद कुटून लाखेत मळायची गरज उरली नाही. चाक विकत मिळू लागलं आणि ते सायकलवर बसलं.

सायकलवाला धारवाला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सायकल स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकावरून पट्टा घ्यायचा, हँडलजवळ छोटं चाक. पायडल मारलं की चाक फिरतं, ठिणग्या उडतात, पोरं गोळा होतात. पट्टा ओढायला दुसरं माणूस लागेनासं झालं. सोय झाली. पण शानेचा पट्टा ओढणारी बाई या कामातून बाहेर पडली, ती पुन्हा आत आली नाही. सायकलवर धार लावणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का?

वस्तऱ्याचं तर वेगळंच झालं. न्हाव्याच्या धोकटीत दगड असायचा आणि चामड्याचा पट्टाही. दोन्हींवर वस्तरा फिरवल्याशिवाय तो गालाला लावायचा नाही. १९०३ पासून अमेरिकेत जिलेटचं टाकाऊ पातं विकायला आलं, हळूहळू ते जगभर पोचलं आणि वस्तरा पाजवण्याची कला जवळजवळ नाहीशी झाली. हात चांगला की यंत्र चांगलं हा प्रश्नच तिथं उरला नाही, कारण धार लावायची वस्तूच गेली. बाजारात मिळणारा पातळ पत्र्याचा स्वस्त चाकू त्याच वाटेनं चालला आहे. बोथट झाला की फेका. लोहाराचा जाड विळा दहा वर्षं चालतो, तो फेकायचा नसतो. म्हणून धारेचा प्रश्न आपल्यासाठी अजून जिवंत आहे.

यंत्र आणि हात

आता पट्ट्याच्या यंत्राकडे येऊ. आधी त्याचे गुण.

विळ्याची धार आतल्या वळणावर असते. ती सपाट दगडावर टेकत नाही, म्हणून आपण विळा स्थिर धरून लहान दगड त्याच्यावर फिरवतो. मोठ्या दगडी चाकावर ते वळण नीट बसत नाही, चाकाची कड लागून धारेला खाचा पडतात. पट्ट्याचं तसं नाही. दोन चाकांच्या मधला पट्टा जरा सैल असतो, तो पात्याच्या आकाराप्रमाणे वळतो. दगडावर आपटून विळ्याला खाच पडली असेल तर हातानं ती काढायला अर्धा तास लागेल, पट्ट्यावर ते मिनिटांचं काम आहे. लांब पट्टा फिरताना हवेत थोडा थंडही होतो, त्यामुळे दगडी चाकाइतकं पातं तापत नाही.

पण तापतं, हे विसरायचं नाही. लोहारानं दिलेलं पाणी उष्णतेनं उतरतं. पात्याच्या कडेवर गव्हाळ रंग दिसला तर सावध व्हायचं. निळा-जांभळा दिसला तर ती कड ३०० अंशांच्या आसपास तापली आणि तिथलं पाणी उतरलं असं समजायचं. दिसायला धार लखलखीत, पण दुपारपर्यंत बोथट. यंत्रावरची धार टिकत नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं हे एक मोठं कारण. उपाय सोपा आहे. बाजूला पाण्याची बादली ठेवायची, पट्ट्यावरून एकदा-दोनदा पातं गेलं की पाण्यात बुडवायचं. बोटाला चटका बसण्याइतकं पातं तापू द्यायचंच नाही.

दुसरं, यंत्र इळा खातं ही तक्रार. तीही खरी आहे. पट्ट्यावर आकडे असतात. ८० आकड्याचा पट्टा जाड, तो भराभर लोखंड काढतो. २४० किंवा ४०० चा बारीक. आकडा जेवढा मोठा तेवढा पट्टा बारीक. पाणी दिलेली पट्टी अरुंद असते हे मघाशी सांगितलं. दर आठवड्याला ८० च्या पट्ट्यावर विळा घासला तर ती पट्टी लवकर संपते आणि खालचं मऊ लोखंड उरतं. ते कितीही घासा, धार धरत नाही. जाड पट्टा फक्त खाच काढण्यापुरता, एरवी बारीक.

तिसरं, दातेरी विळा. कोकणातल्या कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्यासारखे बारीक दातांचे विळे आता बऱ्याच जणींकडे आहेत. त्याची दातांची बाजू पट्ट्याला लावली की दात गेले, मग तो साधा विळासुद्धा राहत नाही. तो यंत्रावर न्यायचाच नाही.

हाताची धार काय देते? ती थोडंच लोखंड घेते, पातं तापत नाही, वीज लागत नाही आणि शेताच्या धुऱ्यावर बसून लावता येते. दगड ओला करायचा, पातं नेहमी एकाच तिरपेपणानं धरायचं. घासून झालं की दुसऱ्या बाजूनं बोट हलकेच फिरवायचं. तिथं बारीक खरखर लागते. ती सपाट बाजूनं एक-दोन हात देऊन काढायची, नाहीतर पहिल्या चार धांड्यांतच धार मुडपते. यंत्रावरून आणलेल्या विळ्यालाही हा शेवटचा हात दगडावर द्यावाच लागतो. पाच मिनिटांचं हे ज्ञान आपल्या आज्या-मावश्यांकडे आहे आणि सुनांकडे ते पोचायचं राहतं आहे.

याचा थेट संबंध मजुरीशी आहे. एकरानं गुत्तं घेतलेल्या बायकांना बोथट विळा परवडत नाही. सोयाबीनचं वाळलेलं धांड कठीण, जमिनीलगत कापायचं म्हणून विळ्याला माती लागते आणि धार लवकर जाते. मग ताकद लावून हिसका द्यावा लागतो. मनगट, खांदा, कंबर दुखायला लागते ती त्या हिसक्यानं. आणि बोथट विळा सटकून बोटावर येतो तोही हिसका दिल्यामुळेच. धारदार विळा जास्त कापतो आणि बाईला कमी कापतो.

शेफिल्डचा धडा

यंत्राच्या वेगाची किंमत काय असते हे इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरानं फार पूर्वी पाहिलं. चाकू-सुऱ्यांसाठी हे शहर जगप्रसिद्ध. तिथं आधी नदीच्या पाण्यावर आणि पुढं वाफेवर फिरणाऱ्या दगडी चाकांवर धार लावत. १८३० साली डॉ. अर्नोल्ड नाइट यांनी तिथल्या कारागिरांच्या दम्यासारख्या आजाराबद्दल लिहिलं. दगडाची आणि लोखंडाची धूळ छातीत जाऊन फुप्फुसं निकामी होत. जेवायचे काटे कोरड्या चाकावर घासणारे तर तिशीच्या आसपास मरत. चाकावर पाणी सोडून काम करणारे त्यांच्यापेक्षा अधिक जगत. आपल्या जवळ, गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना हाच फुप्फुसांचा आजार अलीकडेपर्यंत जडत आला आहे.

आपलं यंत्र छोटं आणि त्याच्या पट्ट्यावर तो वाळूचा दगड नसतो. तरी धूळ ती धूळच. म्हणून नाका-तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि काम उघड्या हवेत. पदर खोचलेला, केस बांधलेले, ओढणी नाही, काचेच्या बांगड्या काढून ठेवलेल्या. पट्ट्याचा फिरण्याचा रोख धारेवर चाल करून येणारा नसावा, धारेपासून दूर पळणारा असावा, नाहीतर पातं पट्ट्यात रुतून उडतं. आणि ठिणग्या उडतात तिथं सोयाबीनचं कुटार नको.

मग घ्यावं की नाही?

मैत्रिणींनो, माझं मत असं आहे. यंत्र एकेकीनं घेऊ नये, गटानं किंवा दोन-तीन गटांनी मिळून घ्यावं. साधा हिशेब करू. समजा यंत्र ६,००० रुपयांना पडलं आणि एका विळ्यामागं १० रुपये घेतले. ६०० विळे झाले की किंमत निघते, त्यात पट्टे आणि विजेचा खर्च धरलेला नाही. पन्नास बायकांनी हंगामात सहा-सात वेळा विळे आणले तर दोन हंगामांचं काम. रोज कुणी आणणार नाही आणि आणूही नये. घरगुती चाकूचं खाचा असलेलं छोटं यंत्र घेऊ नका, त्यात विळा जातच नाही. उघड्या पट्ट्याचं घ्या. त्याचे पट्टे तालुक्याला मिळतात का हे आधी विचारा. यंत्र आहे पण पट्टा नाही अशी गत नको.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, यंत्रावर कोण बसणार? इतिहासात आपण पाहिलं, भाता बाईनं ओढला, घण बाईनं घातला, शानेचा पट्टाही पुष्कळदा तिनंच ओढला. साधन सुधारलं की ती बाहेर आणि नाव पुरुषाचं. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा खेड्यातल्या कितीतरी बायकांचं नाव पहिल्यांदा बँकेच्या कागदावर आलं. त्या कर्जातून आलेलं यंत्र कुणाच्या तरी पोराच्या दुकानात जाऊन बसलं, तर आपण पुन्हा पट्टा ओढणारणीच्या जागी.

माझी सूचना अशी की गावात लोहार किंवा घिसाडी कुटुंब असेल तर त्या घरातल्या बाईला यंत्रावर बसवा. पोलाद कधी तापलं आणि पाणी कधी उतरलं हे तिला आपल्याहून चांगलं कळतं. त्यामुळे त्या घराचा धंदाही बुडत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. मात्र एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची नोंद होते. ती कुणाची करायची हे त्या घरानं ठरवावं. पण घण घालणाऱ्या बाईचं नावही त्या कागदावर लागू शकतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. ते आपण सांगू.

आणि यंत्र आलं तरी दगड टाकू नका. खाच पडली, धार पार गेली, तर यंत्र. रोजची धार दगडावर, आपल्या हातानं. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी ती उरात मारून घेत नाही, तसंच यंत्र आहे म्हणून रोज इळा त्याच्या तोंडी देऊ नये.

सोंगणीआधीच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला विळा आणि आपला दगड घेऊन यावं. गटातली जी मावशी चांगली धार लावते तिला अर्धा तास द्यावा, बाकीच्यांनी तिच्याकडून शिकावं. यंत्राचा ठराव त्यानंतर मांडू.